चेन आडनावाचे मूळ कसे शोधावे

चिनी आडनावाचा शोध रोमन स्पेलिंगपासून सुरू केला की वाट चुकते. म्हणून प्रथम ते आडनाव कोणत्या चिनी अक्षराने लिहिले जाते, हे पक्के करून घ्यावे. जे अक्षर मँडरिनमध्ये चेन म्हणून वाचले जाते, तेच कँटनीजमध्ये चान, होक्कियनमध्ये तान आणि व्हिएतनामी भाषेत त्रान होते. उलट, संगीतकार तान दून यांच्या आडनावाचे अक्षर अगदी निराळे आहे. भूमितिकार शिंग-शेन चर्न (१९११–२००४) हे मात्र चेनच. त्यांच्या स्पेलिंगमधला ‘र’ उच्चारासाठी नसून चढता स्वर, म्हणजे उच्चारताना आवाजाची चढत जाणारी पट्टी, दाखवण्यासाठी घातलेला आहे. जुनी पत्रे, थडग्यांवरचे लेख आणि पूर्वजांच्या स्मृतिपट्टिका तपासाव्यात. पारंपरिक लिपीत या अक्षराच्या उजव्या भागी ‘पूर्व दिशा’ या अर्थाचे चिन्ह असते, त्यावरून ते ओळखता येते.

अक्षर हाती आले की उगमकथेकडे वळावे. परंपरेनुसार शांग राजवट उलथवल्यावर झोऊ घराण्याच्या वू राजाने, पौराणिक सम्राट शुन याचा वंशज मानल्या जाणाऱ्या ग्वेई मान याला चेन हे राज्य दिले. त्याची राजधानी आजच्या हनान प्रांतातील ह्वाययांग परिसरात होती. इ.स.पू. ६७२ मध्ये वान नावाचा राजपुत्र तेथून छी राज्यात पळून गेला, त्याचे वंशज त्यान म्हणून ओळखले जाऊ लागले आणि पुढे त्यांनी छीचे सिंहासनच मिळवले. त्यामुळे चेन घराण्याचा शोध घेणाऱ्याने त्यान आडनावाकडे दुर्लक्ष करू नये. पुढे छू राज्याने चेन गिळंकृत केले, पण राज्याचे नाव आडनावाच्या रूपाने टिकून राहिले, आणि मला ही गोष्ट फार हृदयस्पर्शी वाटते.

तरीही सगळे चेन एकाच रक्ताचे आहेत असे गृहीत धरू नये. इ.स. ४९६ मध्ये उत्तर वेई घराण्याच्या श्याओवन सम्राटाने श्यानबेई या बिगर-चिनी लोकांची अनेकाक्षरी आडनावे चिनी वळणाची करवली, तेव्हा हौमोचेन कुळातील लोक चेन झाले. म्हणून ‘ज्यापू’ म्हणजे वंशावळीची वही मिळाल्यास ती अलीकडच्या पिढीकडून मागे वाचत जावी. ज्या पूर्वजाने गाव सोडून नव्या ठिकाणी वस्ती केली, तिथपर्यंतच्या नोंदी सहसा अधिक विश्वासार्ह असतात, तर शुन सम्राटापर्यंत नेलेली साखळी श्रद्धेचा भाग मानावी. वहीवर किंवा कुलमंदिरावर ‘यिंगच्वान’ हे नाव दिसले, तर ते कुळाच्या मूळ प्रदेशाचे नाव समजावे.

प्रसिद्ध व्यक्तींची यादी करताना काळ आणि प्रदेश सोबत नोंदवावा. इ.स.पू. २०९ मध्ये छिन राजवटीविरुद्ध बंड पुकारणारा चेन शंग, इ.स. ५५७ मध्ये चेन राजघराणे स्थापणारा चेन बाश्यान, १२२५ ते १४०० या काळात व्हिएतनामवर राज्य करणारे त्रान घराणे आणि १९२१ मध्ये शियामेन विद्यापीठ स्थापणारे सिंगापूरचे व्यापारी तान का की ही सर्व एकाच अक्षराची माणसे आहेत, परंतु तेवढ्यावरून त्यांच्यात नाते जोडता येत नाही.

शेवटची तपासणी घरातील वडीलधाऱ्यांकडे करावी, कारण आडनाव बदललेलेही असू शकते. अभिनेते जॅकी चान यांच्या वडिलांचे मूळ आडनाव फांग होते. त्यांचा वंश चेनांच्या वहीत शोधणारा रिकाम्या हातानेच परतेल.