बांबूचा पाला गायीपुढे टाकण्याआधी

मार्च लागला की आरेतल्या आमच्या पाड्यावर हिरवं गवत मिळेनासं होतं, पण दारचं बांबूचं बेट हिरवंच असतं. दोन गायी असल्या तर या दिवसांची तयारी जानेवारीतच धरा. युरियात पाला मुरायला २१ दिवस लागतात, आणि पावसाळ्यावर टाकलंत तर मुंबईच्या दमट हवेत पाला वाळायच्या आधी बुरसतो.

पाला स्वतःच्या बेटाचा, नाहीतर शेजाऱ्याला विचारून त्याचा. राष्ट्रीय उद्यानातून तोडणं गुन्हा आहे, आणि रस्त्याकडेच्या पानांवर काजळी बसलेली असते. कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, वेचून बाहेर काढा. त्यांच्यातून पोटात सायनाइड सुटतं. पक्की पानं हातात चुरेपर्यंत वाळवा.

आता वजन, आणि इथे अंदाज अजिबात नको. ५० किलो वाळल्या पाल्याला २ किलो युरिया आणि २५ लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळू द्या. न विरघळलेला युरिया गायीच्या पोटात विष ठरू शकतो. जाड ताडपत्रीवर पाल्याचा थर, त्यावर झारीने सगळीकडे सारखं हे युरियाचं पाणी, मग पायाने घट्ट दाबणं, पुन्हा थर. वरून दुसरी ताडपत्री टाकून कडा मातीने लिंपा. युरियाचा अमोनिया वायू होतो, तोच चिवट तंतू सैल करतो, आणि छिद्रातून तो निघून गेला तर सगळी मेहनत वाया. म्हणून ताडपत्री आधी उन्हाकडे धरून तपासा. युरियाची गोणी आणि उरलेलं पाणी गुरांच्या वाटेत ठेवू नका.

२१ दिवसांनी उघडल्यावर अमोनियाचा झणझणीत वास यायला हवा. काळा किंवा पांढरा बुरशीचा भाग खतात टाका, वाचवायला बघू नका. उद्याचा पाला आज काढून पसरा, वास उडू द्या, आणि ढीग लगेच झाका. दूध काढून झाल्यावरच घाला. सुरुवात मूठ-दोन मुठींनी, वैरणीत मिसळून. दहा-पंधरा दिवसांत गाईमागे २ किलोपर्यंत न्या. त्याहून पुढे मी जात नाही, कारण बांबूच्या पानात सिलिका, म्हणजे वाळूतला कडक घटक, भरपूर असते आणि ती अमोनियाने जात नाही. कडबा, थोडा हिरवा चारा, खनिज मिश्रण चालूच ठेवा. सहा महिन्यांखालच्या वासराला हा पाला देऊच नका, त्याचं पोट अजून त्यासाठी तयार नसतं.

गाय थरथरली, तोंडाला फेस आला, पोट फुगलं तर पाला त्याच क्षणी बंद आणि डॉक्टरांना फोन. सुरू करण्याआधी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एकदा विचारून या, ते १८८६ पासूनचं आहे. आणि डॉक्टरांचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने मोठा लिहा, घरातल्या म्हातारीलाही वाचता येईल एवढा.