कोड जुळले, पण अर्थ? कर्करोग रजिस्ट्रींचा डेटा एकत्र करताना या चुका टाळा

दोन देशांच्या कर्करोग रजिस्ट्रींच्या, म्हणजे कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणांच्या, फायली जोडल्या. रकाने जुळले, प्रोग्रॅमने कुठेही कुरकुर केली नाही, आणि आलेखात दिसलं की मूत्राशयाच्या कर्करोगानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या देशात दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त आहे. लगेच उपचारांचं कौतुक करू नका. आधी दोन्हीकडे ‘कर्करोग’ म्हणून काय मोजलंय ते बघा.

कर्करोगांच्या आयसीडी-ओ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गाठीच्या प्रकाराच्या कोडनंतर तिरप्या रेघेपुढे एक अंक असतो. २ म्हणजे गाठ जागच्या जागीच आहे, ३ म्हणजे ती आत शिरली आहे. अमेरिकेच्या सीअर या कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या आकडेवारीत मूत्राशयाच्या २ वाल्या गाठीही ३ वाल्यांबरोबर मोजल्या जातात. अनेक रजिस्ट्री त्या वेगळ्या ठेवतात. वरवरच्या गाठींचे रुग्ण बहुधा दीर्घकाळ जगतात, त्यामुळे ते मिसळले की सरासरी आपोआप सुधारते. म्हणून हा अंक काढून टाकू नका आणि प्रत्येक तक्ता करताना तो गाळणीसारखा वापरा.

घड्याळ कधी सुरू झालं?

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण ‘निदानाची तारीख’ हे नाव सगळीकडे सारखंच असतं. युरोपीय रजिस्ट्रींच्या जाळ्याच्या नियमांत पहिला मान बायोप्सी किंवा पेशीतपासणीने झालेल्या खात्रीला आहे. ती नसेल तर मग रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख वगैरे. सीअरमध्ये मात्र डॉक्टरांनी पहिल्यांदा कर्करोग म्हटलं तो दिवस धरतात, मग ते नुसत्या स्कॅनवरून का असेना. एकाच रुग्णाच्या दोन तारखांत काही आठवड्यांचं अंतर पडू शकतं. पाच वर्षांच्या हिशेबात ते फारसं जाणवत नाही. पण फुप्फुसाच्या किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगात एका वर्षाचा हिशेब करताना ते टोचतं, आणि निदानापासून उपचारापर्यंतचा थांबा मोजायचा असेल तर सगळं गणितच हलतं. उपाय कंटाळवाणा आहे: तारखेसोबत ती कशावरून घेतली याचा रकाना मागवा. तो मिळाला नाही, तर थांब्याची तुलना छापू नका.

एक रुग्ण, किती गाठी?

दोन्ही स्तनांत एकाच प्रकारची गाठ असली तर आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती एकच मोजली जाते. सीअर दोन मोजतं. इथे रूपांतर एकाच दिशेने होतं, बारकाव्याकडून ढोबळपणाकडे. दोनाचे एक करता येतात, पण एकाचे दोन करायला माहितीच उरलेली नसते. त्यामुळे रजिस्ट्रीकडून सगळ्या गाठी बाजूसह मागवा आणि आंतरराष्ट्रीय नियम आपल्या हाताने, सगळ्या फायलींना एकाच प्रोग्रॅमने लावा. प्रत्येक देशाने आपापला नियम लावून पाठवलेली ‘स्वच्छ’ फाइल मला तरी नको असते.

शून्य बघून भुलू नका

फक्त मृत्यू प्रमाणपत्रावरून कळलेले रुग्ण जितके कमी तितकी रजिस्ट्री चांगली, असं शिकवलं जातं. स्वीडनची रजिस्ट्री अशा नोंदी घेतच नाही, त्यामुळे तिचा हा आकडा शून्यच येणार. त्यावरून तिथे कोणी सुटलं नाही असं ठरत नाही. निदानानंतर काही दिवसांतच गेलेले, ज्यांची नोंद फक्त प्रमाणपत्रावर राहिली, ते हिशेबाबाहेरच राहतात. परिणामी रुग्णसंख्या थोडी कमी आणि जगण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसू शकतं. हा आकडा वाचताना प्रमाणपत्रं वापरली जातात का, आणि त्यांवरून मागे रुग्णालयापर्यंत माग काढला जातो का, हे विचारा.

स्टेजबाबत एकच उदाहरण पुरे. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगाचा पन्नास वर्षांचा रुग्ण, गाठ दूरवर पसरलेली. टीएनएम या स्टेज ठरवण्याच्या पद्धतीच्या (टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिका ग्रंथी, एम म्हणजे दूरवरचा प्रसार) सातव्या आवृत्तीत तो चौथ्या स्टेजमध्ये, आठव्या आवृत्तीत दुसऱ्या, कारण ज्या वयाखाली स्टेज सौम्य धरतात ती सीमा ४५ वरून ५५ झाली. आवृत्तीचा रकाना नसेल तर टी, एन, एम सुटे मागवा आणि स्टेज स्वतः काढा. वयोमानानुसार प्रमाणित दरांचंही (एका ठरावीक वयरचनेच्या लोकसंख्येवर बेतलेल्या दरांचंही) तेच: जागतिक प्रमाण लोकसंख्या आणि २०१३ ची युरोपीय लोकसंख्या यांवर काढलेले दर एका तक्त्यात ठेवू नयेत. दुसरीत वृद्धांना जास्त वजन असल्याने आकडा मोठा येतो.

रुग्णांचा डेटा देशाबाहेर नेता येत नसेल तर गणित डेटाकडे पाठवता येतं. नेदरलँड्स आणि तैवानच्या तोंडाच्या कर्करोगाच्या नोंदींवर असा संघीय (डेटा जागेवरच ठेवून केलेला) अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र अशा वेळी समोर ओळी दिसत नाहीत, त्यामुळे वरच्या व्याख्या आधीच पक्क्या हव्यात.

आकडे तरीही विचित्र येत असतील तर आधी या तपासण्या करून बघा. महिन्याच्या १५ तारखेला निदानांचा ढीग लागलाय का? तिथे बहुधा दिवस माहीत नव्हता. ९९९ वर्षांचे रुग्ण आहेत का? तो बहुधा ‘वय माहीत नाही’चा कोड असतो. स्टेजच्या रकान्यात ९ (बहुधा ‘माहीत नाही’) आणि रिकामी जागा यांचा अर्थ एकच धरलाय का? आणि उपचार निदानाच्या आधी सुरू झालेले किती जण निघतात, ते देशवार मोजा. ही संख्या एकाच देशात फुगलेली दिसली, तर त्या देशाची तारीख कशावरून घेतली ते पुन्हा विचारायची वेळ आली आहे.