हिट की ब्लॉकबस्टर? आधी हिशोब, मग शब्द

चित्रपटाची बातमी किंवा प्रेस नोट लिहिताना ‘हिट’, ‘सुपरहिट’, ‘ब्लॉकबस्टर’ या एकाच शिडीच्या तीन पायऱ्या धरल्या जातात. घोळ तिथेच होतो.

हिट हा नफ्याचा शब्द. तो वापरण्याआधी आकडा ग्रॉस (तिकीटविक्रीची एकूण रक्कम) आहे, नेट (कर वजा जाता उरलेली) आहे की शेअर (वितरकाचा वाटा), ते विचारा. २३६ रुपयांच्या तिकिटात १८ टक्के जीएसटीचे ३६ रुपये जातात, उरलेले २०० नेट. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात वितरकाला साधारण निम्मे मिळतात, पुढे वाटा घटत जातो. म्हणजे ग्रॉस ११ कोटी ८० लाख असेल तर नेट १० कोटी आणि शेअर जेमतेम ५ कोटी. वितरणाचे हक्क आणि प्रसिद्धी मिळून अडीच कोटी गुंतवणाऱ्या वितरकाचे पैसे दुप्पट झाले, त्याच्यासाठी चित्रपट हिट. सहा कोटी गुंतवणारा मात्र त्याच गल्ल्यावर अजून एक कोटीने खाली. पोस्टरवर छापतात ते बहुधा ग्रॉस, कारण आकडा मोठा दिसतो.

ब्लॉकबस्टर मुळात दुसऱ्या महायुद्धातला शब्द: शहराचा अख्खा ब्लॉक उडवणारा बॉम्ब. इंग्रजीत तो आवाका सांगतो, म्हणून प्रचंड खर्चाचा ब्लॉकबस्टर आपटूही शकतो. आपल्याकडे ब्लॉकबस्टर म्हणजे सुपरहिटच्याही वर. परदेशी वाचकासाठी लिहिताना म्हणूनच एकटा ‘ब्लॉकबस्टर’ पुरत नाही, कमाईही सांगा. ‘सुपरहिट’ हा तर खास आपल्याकडचा लाडका शब्द. तिकडे ‘स्मॅश हिट’ जास्त रुळलेला.

स्लीपर हिटला दोन अटी: अपेक्षा कमी आणि गर्दी तोंडी प्रसिद्धीने हळूहळू वाढलेली. १९७५चा ‘शोले’ सुरुवातीला थंड होता, मग मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षे चालला; तरी तो स्लीपर नव्हे, कारण एवढ्या खर्चाच्या चित्रपटाकडून अपेक्षा दांडग्याच होत्या.

कल्टचा गल्ल्याशी संबंधच नाही; पडलेला चित्रपटही पुढे निष्ठावान प्रेक्षकांमुळे कल्ट होतो. ज्युबिली ठरते चित्रपट किती आठवडे चालला त्यावर: सिल्व्हर २५, गोल्डन ५०.

मुंबईपुरती आणखी एक खबरदारी. चित्रपट व्यवसायातली ‘मुंबई टेरिटरी’ (वितरणाचा विभाग) दहिसरला संपत नाही, तिच्यात गुजरात आणि गोवाही येतात. तिथला आकडा ‘मुंबईकरांची पसंती’ म्हणून छापू नका.