खेळातला निर्णय, तालातली रिकामी जागा

नवे काम हाती आले आणि काही सुचेनासे झाले, की बहुतेक ग्राफिक डिझायनर इतर डिझायनरांची कामे चाळू लागतात. तिथे तयार उत्तरे मिळतात, पण ती कोणत्या अडचणीतून निघाली हे दिसत नाही, आणि अर्ध्या तासाने आपले काम त्यांच्यासारखेच दिसू लागते. व्हिडिओ गेम आणि संगीत यांच्याकडे वळायचे ते एवढ्यासाठी, की त्यांच्यातून जे घ्यायचे ते आधी उलगडून पाहावे लागते. गेमचे रंग आयते उचलता येतात, हे खरे. मीही एका मेनूकार्डासाठी एका गेमची रंगसंगती जशीच्या तशी वापरली होती, आणि मालकांच्या शाळकरी मुलाने कार्ड पाहताक्षणी त्या गेमचे नाव सांगितले.

गेम पहिल्यांदा खेळावा तो खेळण्यासाठीच. दुसऱ्या खेपेस, जिथे आपण क्षणभर थबकलो होतो तिथे थांबून स्क्रीनशॉट घ्यावा. एका गेममागे पाच पुरेत, पन्नास घेतले तर ते पुन्हा कधी उघडले जात नाहीत. प्रत्येक चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे करून त्या आकारात काय शिल्लक राहते ते पाहावे. मग वहीत एकच वाक्य लिहावे. त्यात ‘सुंदर’, ‘गूढ’ अशी विशेषणे नकोत, क्रियापद हवे: काय लपवले, काय राखून ठेवले, कशाचा दोनदा उपयोग केला.

बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा २०१८ मधील ‘ग्रिस’ हा गेम जवळजवळ रंगहीन जगात सुरू होतो आणि पुढे एकेक रंग परत येत जातो. वहीत लिहावे, ‘रंग राखून ठेवला.’ बारा पानी माहितीपत्रकाची पहिली सहा पाने करडी ठेवून लाल रंग सातव्या पानावर आणला, तर त्या पानाला वेगळा मोठा मथळा लागत नाही. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील ढग आणि झुडपे ही एकच आकृती आहे, पांढरी असली की ढग, हिरवी असली की झुडूप. अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवायचा असल्याने अशी काटकसर भाग होती, आणि दोनच रंगांच्या स्क्रीन प्रिंटिंगचे काम करताना हीच काटकसर उपयोगी पडते.

गेम आवडला तरी गेमपाशीच थांबू नये, तो जिथून आला तिथवर जावे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’मध्ये कथेचा काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपात उलगडतो. तो पाहून ज्याला छायाबाहुल्यांचे कुतूहल वाटेल त्याने कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या चामड्याच्या बाहुल्या पाहाव्यात. चेहरा एका बाजूने, दागिन्यांच्या जागी छिद्रे, आणि त्या छिद्रांतून येणारा उजेड: बोधचिन्ह एकाच रंगात कसे तोलावे, याचा धडा तिथे मिळतो.

संगीत काम करताना मागे चालू ठेवले तर त्यातून हुरूप मिळतो, रचना मिळत नाही. रचनेसाठी हातातले काम बाजूला ठेवून, तालातली टाळी आणि खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडण्याची जागा, मोजत ऐकावे लागते. रूपक हा ताल घ्या. सात मात्रा, म्हणजे सात ठोके, विभाग तीन-दोन-दोन. आणि इतर बहुतेक तालांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी पडत असताना रूपकाची सम मात्र खालीवर येते, म्हणजे जिथे सर्वाधिक वजन असायचे तिथेच हात मोकळा राहतो. एथ्री आकाराच्या उभ्या पोस्टरची उंची ४२० मिलिमीटर असते, म्हणजे दर मात्रेला नेमके ६० मिलिमीटर. गायनाच्या बैठकीचे पोस्टर असेल तर वरचे १८० मिलिमीटर कोरे सोडावेत, पुढच्या १२० मध्ये गायकाचे नाव द्यावे आणि उरलेल्या १२० मध्ये स्थळ, वेळ व साथीदार बसवावेत. ‘वर एवढी जागा वाया का घालवली?’ असे आयोजक विचारणारच. त्यांना रूपकाचा ठेका हातावर धरून दाखवला की बहुधा पुढचा प्रश्न येत नाही.

देवनागरीत काम करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. जुन्या गेममधली चौकटीदार अक्षरे मोहात पाडतात, परंतु आठ बाय आठ ठिपक्यांत रोमन अक्षर सहज बसते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते आणि जोडाक्षराला रुंदीही अधिक लागते. म्हणून ठिपक्यांचे अक्षर काढायचेच असेल तर सोळा ठिपक्यांच्या उंचीपासून सुरुवात करावी आणि सगळ्यात आधी ‘र्त्यू’, ‘ष्ट्री’ अशी अवघड अक्षरे काढून पाहावीत, कारण ‘क’ आणि ‘म’ कुठल्याही चौकटीत नीट दिसतात.

शेवटी पोस्टर खऱ्या आकारात छापून भिंतीवर लावावे आणि दहा फुटांवरून पाहावे. गायकाचे नाव तिथून वाचता आले नाही, तर ते एक मात्रा वर घेऊन मोठे करावे. तीन-दोन-दोन मोडले, हे पोस्टर वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या लक्षात येत नाही.