थँक्सगिव्हिंगचं जेवण: स्वादाची ऑलिव्ह तेलं आणि व्हिनेगर कशी वापरावीत

शेंगदाण्याच्या चटणीवर आपण जे तेल घालतो ते कच्चं असतं. ताटात चटणी वाढायची, मधे बोटाने खळगा करायचा आणि त्यात तेलाची धार सोडायची. तेल तापवलेलं नसतं म्हणूनच त्याचा वास भाकरीच्या घासाबरोबर नाकात येतो. संत्र्याचं, रोजमेरीचं, लसणाचं ऑलिव्ह तेल वापरायची रीत हीच आहे. ही वरून घालायची तेलं आहेत, फोडणीची नव्हेत.

मला हे कळायला एक अख्खी बाटली गेली. न्यू जर्सीतल्या आमच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला मी बेसिलचं महागडं तेल आणलं आणि सवयीने कढईत ओतून तापवलं. दोन मिनिटं स्वयंपाकघर सुरेख दरवळलं. पण सगळा वास हवेत गेला आणि भाजीत काहीच उरलं नाही. तेलातले स्वाद देणारे घटक उष्णतेने उडून जातात. पानात वाढलेल्या भाजीतून वाफ येत असताना तिच्यावर तेल घातलं, तर तोच वास जेवणाऱ्याच्या नाकाशी पोहोचतो.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं. अमेरिकेत १९४१ च्या कायद्याने ते तसं ठरलं. काही वर्षी हा गुरुवार नेमका मार्गशीर्षातला निघतो. मग आमच्या टेबलावर टर्की खाणारे, शाकाहारी आणि संध्याकाळी महालक्ष्मीची पूजा करून उपवास सोडणाऱ्या, कांदा-लसूणही न खाणाऱ्या अशा सगळ्यांची सोय करावी लागते. खालचा बेत आठ जणांचा आहे. मूळ पदार्थ साधे आणि स्वाद शेवटी, त्यामुळे ज्याला जे चालत नाही ते त्याच्या ताटात घालायचंच नाही.

सोमवार: बाटल्या निवडा, टर्की खाली काढा

दुकानात स्टीलच्या पिंपांची रांग असते, प्रत्येकाला तोटी, आणि चव बघायला कागदी पेले. वीस-पंचवीस चवी बघून जीभ गोंधळते आणि आपण सहा बाटल्या घेऊन घरी येतो. तसं करू नका. या जेवणाला दोन तेलं आणि दोन व्हिनेगर पुरतात: ब्लड ऑरेंज म्हणजे आतून लालभडक निघणाऱ्या संत्र्याचं तेल, रोजमेरीचं तेल, अंजिराचं काळं बाल्सामिक आणि बिनस्वादाचं पांढरं बाल्सामिक. शिवाय भाजण्यासाठी साध्या ऑलिव्ह तेलाची मोठी बाटली. लसणाचं तेल घरीच होतं.

चव बघताना पेला तळहातात धरा, दुसऱ्या हाताने झाका आणि मिनिटभर हाताच्या उबेने तेल कोमट होऊ द्या. मग वास घ्या, घोट घ्या. चांगल्या ताज्या ऑलिव्ह तेलाने घशाशी मिरीसारखं चुरचुरतं आणि कधी ठसकाही लागतो. तो दोष नाही. ऑलिव्हमधल्या ओलिओकँथल नावाच्या घटकामुळे तसं होतं. स्वादाच्या तेलातही मागून ही चुरचुर जाणवली, तर मूळ तेल चांगलं आहे असं समजा. नुसता गोळीसारखा संत्र्याचा वास आला आणि खाली तेल मेणचट लागलं, तर बाटली ठेवून द्या.

लेबलही वाचा. काही तेलांत ऑलिव्ह आणि संत्री घाण्यात एकत्रच चिरडतात, सालीतला अर्क थेट तेलात उतरतो. ही पद्धत इटलीतली आहे आणि तिची चव गोल लागते. काहींत तयार तेलात स्वाद नंतर मिसळतात. दुसरी वाईटच असतात असं नाही, पण किंमत सारखी असेल तर मी पहिलीच घेते.

बाल्सामिकचा गोंधळ जास्त आहे. इटलीतल्या मोडेना आणि रेज्जो एमिलियाचं पारंपरिक बाल्सामिक शिजवलेल्या द्राक्षरसापासून होतं आणि लाकडी पिंपांत निदान १२ वर्षं मुरतं, त्यातलं जास्त जुनं २५ वर्षं. ते थेंबाथेंबाने खायचं असतं, स्वयंपाकात घालायचं नसतं. मोडेनाचं आयजीपी (म्हणजे त्या भागाच्या ओळखीचा) शिक्का असलेलं बाल्सामिक म्हणजे द्राक्षाचा रस आणि वाइन व्हिनेगर यांचं मिश्रण. त्याला ६० दिवस पुरतात. अंजिराचं, चेरीचं, मेपलचं जे मिळतं त्यात फळांचे स्वाद घातलेले असतात आणि ते चांगलंच गोड असतं. म्हणून त्याला आंबटपणापुरतं व्हिनेगर न समजता चिंच-गुळाच्या कोळासारखं वागवा: आंबट आणि गोड दोन्ही त्याच्यातूनच येणार, पदार्थात वेगळी साखर नको.

आम्ही अख्खी टर्की आणत नाही, हाडासकट छातीचा ६ पौंडांचा तुकडा आणतो. गोठलेला असेल तर सोमवारी रात्री फ्रीजरमधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा. दर ४-५ पौंडांना २४ तास धरायचे. ओट्यावर ठेवून सोडवू नका.

मंगळवार: क्रॅनबेरी

हा पदार्थ दोन दिवस आधी केलेला बरा, कारण मुरल्यावर त्याला चव येते. १२ औंसांची पिशवी धुऊन पातेल्यात घ्या, १ कप पाणी आणि पाऊण कप साखर घाला आणि मध्यम आचेवर ठेवा. पाचेक मिनिटांत फळं फुटायला लागतात, आधी एखादं, मग टपटप टपटप, आणि पातेल्याबाहेर लाल शिंतोडे उडतात. अर्धवट झाकण ठेवा. दहा मिनिटांनी गॅस बंद करा. रस पातळ दिसेल, पण आटवत बसू नका. क्रॅनबेरीत पेक्टिन भरपूर असतं, गार होताना सॉस आपोआप आळतो.

कोमट झाल्यावर १ मोठा चमचा अंजिराचं बाल्सामिक घाला आणि पूर्ण गार झाल्यावर १ चहाचा चमचा ब्लड ऑरेंजचं तेल. ढवळा, काचेच्या बरणीत भरा. पहिल्यांदा चाखलं तेव्हा मला करवंदाच्या मुरंब्याची आठवण झाली, तोच तुरट आंबटपणा. क्रॅनबेरी न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समधल्या दलदलीत पिकते, त्यामुळे आम्हाला ती ताजी मिळते.

बुधवार: लसणाचं तेल आणि टर्कीला मीठ

अर्धा कप साध्या ऑलिव्ह तेलात ८ सोललेल्या पाकळ्या घाला आणि अगदी मंद आचेवर १५ मिनिटं ठेवा. पाकळ्यांभोवती बारीक बुडबुडे यावेत, तळण नको. पाकळ्या फिकट सोनेरी झाल्या की गॅस बंद. लाल झाल्या तर तेल कडू होतं. गार झालं की लगेच गाळून स्वच्छ बरणीत भरा, वर तारीख लिहा आणि फ्रिजमध्येच ठेवा. चार दिवसांत संपवा.

इथे मी कुणालाही सूट देत नाही. कच्च्या लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून बाटली आठवडाभर ओट्यावर ठेवलेली दिसायला छान दिसते, पण ती धोक्याची आहे. लसूण मातीतून येतो आणि त्याच्यावर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा पोहोचत नाही, आंबटपणा नसतो, आणि असंच ठिकाण त्यांना वाढायला हवं असतं. साध्या उकळण्याने बीजाणू मरत नाहीत, आणि विष तयार झालं तरी वास किंवा रंग बदलेलच असं नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमधल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. दुकानातल्या लसूण-तेलात आम्ल घातलेलं असतं किंवा नुसता अर्क असतो, म्हणून ते टिकतं. घरच्या तेलाला फ्रिज आणि तारीख दोन्ही हवेच. कडीपत्ता, मिरची, ताजी रोजमेरी घालून घरी तेल कराल तेव्हाही हाच नियम.

टर्की नळाखाली धुऊ नका, पाण्याच्या शिंतोड्यांनी जंतू ओटाभर पसरतात. कागदाने टिपा आणि ४ चहाचे चमचे जाडं कोशर मीठ सगळीकडून, कातडीखालीही, चोळा. घरातलं बारीक मीठ असेल तर २ चमचेच. न झाकता फ्रिजमध्ये ठेवा. कातडी कोरडी पडली म्हणजे उद्या कुरकुरीत होईल.

गुरुवार: एकच ओव्हन, म्हणून क्रम महत्त्वाचा

जेवण चारला धरलं तर साडेअकराला बटरनट स्क्वॉश आधी लावा. चवीला तो आपल्या लाल भोपळ्याच्या जवळचा आहे. दोन मोठे फोडून बिया काढा, साधं तेल आणि मीठ लावून पालथे ठेवा आणि ४००° फॅरनहाइटवर ४५-५० मिनिटं भाजा. शाकाहारी पाहुण्यांचं हे मुख्य ताट. उकडलेला वाइल्ड राइस, भाजलेले पेकान आणि सुक्या क्रॅनबेरी मीठ-मिरपूड घालून कालवा आणि खळग्यात भरा. झाकून ठेवा, शेवटी दहा मिनिटं पुन्हा गरम करायचे आहेत.

साडेबाराला ओव्हन ३५०° वर आणा आणि टर्कीला साधं तेल चोळून आत सरकवा. ६ पौंडांना साधारण दोन तास लागतात, पण विश्वास थर्मामीटरवर ठेवा. सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता टोचा. १६५° दिसलं की बाहेर. त्यानंतर अर्धा तास तिला हात लावू नका, रस आत मुरू द्या.

टर्की आत असताना बटाटे करा. ४ पौंड पिवळ्या युकॉन गोल्ड बटाट्यांच्या फोडी गार मिठाच्या पाण्यात घालून उकळायला ठेवा. सुरी सहज जाईपर्यंत शिजवा, निथळा आणि गरम असतानाच हाताच्या मॅशरने चेचा. मिक्सर फिरवला तर स्टार्च सुटून लगदा डिंकासारखा ओढला जातो. १ कप कोमट दूध आणि ४ मोठे चमचे लोणी घाला. इथे थांबा, लसूण न खाणाऱ्यांचा वाटा वेगळा काढा. उरलेल्यात चमच्याने लाटा काढा आणि त्या खळग्यांत ३ मोठे चमचे लसणाचं तेल सोडा. ढवळू नका. प्रत्येक डावात थोडं तेल, थोडा नुसता बटाटा आला की गोडी जास्त लागते.

टर्की बाहेर येताच ओव्हन ४२५° वर न्या आणि ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे कोबीचे इवलेसे गड्डे, लावा. २ पौंड, उभे दोन भाग केलेले, साध्या तेलात आणि मिठात घोळून कापलेली बाजू ट्रेला टेकवून. गर्दी करू नका, नाहीतर भाजण्याऐवजी वाफवले जातात. २५ मिनिटांनी कडा काळपट-तपकिरी होतील. बाल्सामिक आधी लावायचा मोह होतो, पण त्यातली साखर ट्रेवर जळून कडू होते. ट्रे बाहेर काढल्यावर, तव्यासारखा तापलेला असतानाच, अंजिराचं बाल्सामिक २ मोठे चमचे शिंपडा. चर्रर्र आवाज येतो, व्हिनेगरची तिखट वाफ नाकात जाते आणि क्षणात आटून पानांवर काळी चकाकी उरते. ट्रे दोनदा हलवा आणि ताटात काढा. दरवर्षी सगळ्यात आधी हेच संपतं.

मग टर्कीचे काप करा, थाळीत मांडा आणि वरून रोजमेरीच्या तेलाची बारीक धार, सगळी मिळून २ मोठे चमचे. गरम केलेल्या स्क्वॉशवरही तेच तेल. एका पदार्थाला एकच स्वाद. रोजमेरीवर संत्रं घातलं की दोन्ही ओळखू येत नाहीत.

सॅलड सगळ्यांत शेवटी, कोशिंबिरीला मीठ आपण वाढायच्या वेळी घालतो त्याच कारणाने. बरणीत ३ मोठे चमचे पांढरं बाल्सामिक, अर्धा चहाचा चमचा मीठ आणि १ चहाचा चमचा डिजाँ मस्टर्ड घ्या. मीठ आधी व्हिनेगरमध्येच विरघळवा, तेलात ते विरघळत नाही. मग ६ मोठे चमचे ब्लड ऑरेंजचं तेल घालून झाकण लावा आणि बरणी जोरात हलवा. मोहरीमुळे तेल आणि व्हिनेगर एकत्र धरून राहतं. साध्या आंबट व्हिनेगरला तेल तिप्पट लागतं, गोडसर बाल्सामिकला दुप्पट पुरतं. अरुगुलाची तिखटसर पानं, नासपतीच्या चकत्या आणि पेकान यांवर आधी अर्धंच घाला, हाताने हलकं कालवा, चाखा आणि लागलं तर आणखी घाला.

पंपकिन पाय आम्ही विकतचाच आणतो. सोबतच्या व्हॅनिला आइस्क्रीमवर अर्धा चमचा ब्लड ऑरेंजचं तेल आणि मिठाचे चार कण घालून बघा. तेल गारव्याने घट्ट होतं आणि जिभेवर सावकाश सुटतं.

उरलेलं

शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये जाऊ द्या, टर्की तीन-चार दिवसांत संपवा. तेलाच्या बाटल्या शेगडीशेजारी ठेवू नका; उजेड, उष्णता आणि हवा या तिन्हींनी तेल खवट होतं. अंधाऱ्या कपाटात, बूच घट्ट लावून ठेवा आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत वापरा. बाल्सामिकला घाई नसते.

फ्रिजमधलं लसणाचं तेल गोठून ढगाळ दिसेल. दहा मिनिटं बाहेर ठेवलं की पुन्हा स्वच्छ होतं. बरणीवर बुधवारची तारीख आहे, म्हणजे ती रविवारपर्यंतच. आमच्याकडे रविवारी सकाळी गरम थालीपिठाच्या मधल्या भोकात तिचा शेवटचा चमचा जातो.