इंग्रजी विषय नसतानाही महाविद्यालयीन इंग्रजी प्रावीण्य स्पर्धेची तयारी कशी करावी

सोलापुरातील महाविद्यालयांत इंग्रजी प्रावीण्य स्पर्धेची सूचना फलकावर लागली की वाणिज्य, विज्ञान आणि अभियांत्रिकी शाखांचे बरेच विद्यार्थी ती वाचून पुढे निघून जातात, कारण अशी स्पर्धा ‘इंग्लिश स्पेशल’ घेतलेल्यांसाठीच असते असा त्यांचा समज झालेला असतो. हा समज चुकीचा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याचा अभ्यास कविता, नाटक, कादंबरी आणि समीक्षा यांभोवती फिरतो. प्रावीण्य स्पर्धेत मात्र ऐकलेले समजते का, उताऱ्यातून नेमके उत्तर काढता येते का, ठरलेल्या वेळेत चार परिच्छेद नीट लिहिता येतात का आणि आयत्या वेळी हाती आलेल्या विषयावर दोन-तीन मिनिटे सुसंगत बोलता येते का, हे पाहिले जाते. बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या आणि पदवीला ‘कम्पल्सरी इंग्लिश’चा पेपर दिलेल्या विद्यार्थ्याकडे शब्द आणि व्याकरण बऱ्यापैकी असते, अडते ते हवा तो शब्द हव्या त्या क्षणी जिभेवर किंवा लेखणीत येत नाही म्हणून. त्यामुळे नवीन पुस्तके गोळा करण्यापेक्षा आपल्याकडे जे आहे ते वेगाने आणि अचूकपणे वापरण्याचा सराव करणे, हाच या तयारीचा गाभा मानावा.

सर्वांत आधी स्पर्धेचे परिपत्रक ओळ न ओळ वाचावे. फेऱ्या किती आहेत, लेखी फेरी बहुपर्यायी आहे की वर्णनात्मक, श्रवणाची फेरी आहे का, भाषणाला किती वेळ मिळणार आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होणार का, यावर सरावाची दिशा ठरते. मागील वर्षाची प्रश्नपत्रिका मिळते का, हे इंग्रजी विभागात जाऊन विचारावे. आपण दुसऱ्या शाखेचे आहोत म्हणून संकोच करू नये. आपली पातळी जोखण्यासाठी युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली, सर्वांत खालच्या ए-१ पासून सर्वांत वरच्या सी-२ पर्यंत सहा पायऱ्यांची ‘सीईएफआर’ ही चौकट उपयोगी पडते. प्रत्येक पायरीवर काय करता यायला हवे, याचे साध्या भाषेतील वर्णन त्या चौकटीत आहे. वाचनात बी-२ आणि बोलण्यात ए-२ असे अंतर आपल्याकडे नेहमी आढळते, आणि ज्या कौशल्यात पायरी खालची आहे त्यालाच अधिक वेळ द्यायला हवा. प्रत्यक्षात विद्यार्थी उलट करतात. वाचन जमते म्हणून वाचतच राहतात आणि बोलण्याचा सराव शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

तयारीच्या पहिल्याच दिवशी एक जाड वही घ्यावी आणि तिचे नाव चुकांची वही ठेवावे. रोज दहा-बारा ओळी इंग्रजीत लिहाव्यात, त्या कोणाकडून तरी तपासून घ्याव्यात आणि सापडलेली प्रत्येक चूक या वहीत डाव्या पानावर, तर तिचे दुरुस्त रूप उजव्या पानावर उतरवावे. महिनाभरात लक्षात येते की आपण शेकडो वेगवेगळ्या चुका करत नसून मोजक्याच चुका पुन्हा पुन्हा करत असतो, आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ मराठी वाक्यरचनेत असते. सोलापूरकरांच्या रोजच्या जिव्हाळ्याचा विषय घेऊ. आमच्याकडे पाणी पाच दिवसांनी येते, हे सांगताना विद्यार्थी लिहितो : ‘वॉटर इज कमिंग आफ्टर फाइव्ह डेज.’ शब्द सगळे ओळखीचे आहेत, तरीही इंग्रजी वाचणाऱ्याला याचा अर्थ ‘पाणी आजपासून पाच दिवसांनी येणार आहे’ असा लागतो. नेहमी घडणारी गोष्ट सांगायची असल्याने येथे साधा वर्तमानकाळ हवा आणि ‘आफ्टर’च्या जागी ‘एव्हरी’ हवे : ‘वी गेट वॉटर एव्हरी फाइव्ह डेज.’ ‘आय ॲम लर्निंग इंग्लिश सिन्स टेन इयर्स’ ही चूकही याच घरातील आहे. तेथे ‘आय हॅव बीन लर्निंग इंग्लिश फॉर टेन इयर्स’ असे लिहावे लागते. ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘टुडे मॉर्निंग’ ही रूपेही जवळजवळ प्रत्येक वहीत सापडतात. पहिल्यातील ‘अबाउट’ नको, आणि दुसऱ्याच्या जागी ‘धिस मॉर्निंग’ हवे.

या सगळ्यांत ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्या चुका सर्वांत चिवट आहेत, कारण मराठीत तसे काहीच नसल्याने त्यांचा अभाव आपल्या कानाला खटकत नाही. नियम पाठ करून हे सुटत नाही. त्यापेक्षा एखादा छापील परिच्छेद घ्यावा, त्यातील ही तिन्ही उपपदे मित्राकडून पांढऱ्या शाईने पुसून घ्यावीत आणि मग स्वतः ती पुन्हा भरून मूळ मजकुराशी ताडून पाहावीत. प्रत्येक फरकाशी थांबून कारण शोधावे. कंपनीचा उल्लेख पहिल्यांदा आला म्हणून ‘अ कंपनी’, आणि तिच्याविषयी पुढे बोलायचे म्हणून ‘द कंपनी’, असे आपल्याच विषयाच्या उदाहरणांतून कळले की ते टिकते.

आपला विषय हे इंग्रजी विषय नसलेल्या विद्यार्थ्याचे मोठे भांडवल आहे, आणि तेच बाजूला ठेवून तो अनोळखी निबंध पाठ करत बसतो, याचे मला फार वाईट वाटते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अकरावी-बारावीची एनसीईआरटीची विज्ञान विषयांची इंग्रजी माध्यमातील पाठ्यपुस्तके हाती घ्यावीत. त्यांतील आशय परिचित असल्याने लक्ष पूर्णपणे वाक्यांच्या घडणीकडे देता येते. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालातील एखादे प्रकरण वाचावे. एक परिच्छेद वाचून पुस्तक मिटावे, त्यातील मुद्दा आपल्या शब्दांत पाच वाक्यांत लिहावा आणि मग मूळ मजकूर उघडून पाहावा. घसारा म्हणजे काय किंवा प्रकाशसंश्लेषण कसे घडते, हे शाळेत जाणाऱ्या धाकट्या भावंडाला समजेल इतक्या सोप्या इंग्रजीत सांगून पाहावे. हे ज्याला जमते त्याला परीक्षकांपुढे कोणत्याही विषयाची मांडणी करणे जड जात नाही.

आयत्या वेळच्या भाषणाला विद्यार्थी सर्वाधिक घाबरतात, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहू. मिनिटाला १२० ते १३० शब्द ही श्रोत्यांना सोयीची गती धरली, तर तीन मिनिटांत ३६० ते ३९० शब्द होतात, म्हणजे वहीचे जेमतेम दीड पान. एवढ्या जागेत विषयाची स्पष्ट मांडणी, दोन मुद्दे आणि एक नेमके उदाहरण मावते. याहून अधिक कोंबायला गेले की धांदल उडते. उदाहरण मात्र हाताशी असावे लागते, आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच रुग्णसेवा करताना त्यांचे निधन झाले, एवढी माहिती इंग्रजीत अचूक सांगता आली तर ती धैर्य, सेवा, तरुणाई किंवा आंतरराष्ट्रीय मैत्री यांपैकी कोणत्याही विषयात कामी येते. पर्यावरणाचा विषय निघाला तर माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये घोषित झालेले नान्नजचे अभयारण्य आहे. उद्योगाचा निघाला तर भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आहे. स्वातंत्र्यलढ्याचा निघाला तर १९३० चा लष्करी कायदा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे आहेत. अशी सात-आठ उदाहरणे प्रत्येकी साठ-सत्तर शब्दांत स्वतः लिहून, तपासून आणि मोठ्याने बोलून तयार ठेवावीत. संपूर्ण भाषण पाठ करू नये. एक शब्द निसटला की सगळी साखळी तुटते आणि परीक्षकांना ते लगेच कळते.

सरावासाठी विषयांच्या चिठ्ठ्या करून डब्यात ठेवाव्यात, रोज एक उचलावी, एक मिनिट विचार करावा आणि उभे राहून बोलावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण अवश्य करावे. पुढची पायरी कंटाळवाणी आहे, पण माझ्या मते संपूर्ण तयारीत तिच्याइतका लाभ दुसऱ्या कशातच नाही. ते ध्वनिमुद्रण ऐकत आपण बोललेला शब्द न् शब्द, अडखळण्यासह, कागदावर उतरवावा. ‘ॲक्च्युअली’ किती वेळा आले, वाक्य अर्धवट सोडून नवीन कोठे सुरू केले, क्रियापदाचा काळ कोठे बदलला, हे कागदावर डोळ्यांसमोर येते. मग तेच भाषण दुरुस्त करून त्याच दिवशी पुन्हा बोलावे.

बोलण्याच्या सरावासाठी जोडीदार हवा. दोघेही मराठी भाषक असले की संभाषण चौथ्या वाक्याला मराठीत उतरते, शिवाय आपल्या अनेक चुका समान असल्याने त्या एकमेकांना जाणवत नाहीत. सोलापूरच्या वर्गांत तेलुगू, कन्नड आणि उर्दू भाषक मित्र सहज मिळतात. त्यांच्या सगळ्याच नव्हे, पण काही सवयी आपल्याहून वेगळ्या असतात आणि म्हणूनच ते आपल्याला हटकू शकतात. आठवड्यातून तीनदा सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फिरताना अर्धा तास फक्त इंग्रजीत बोलायचे, असे ठरवून घ्यावे आणि ते पाळावे.

उच्चारात इंग्रज किंवा अमेरिकन माणसाची नक्कल करण्याची काहीच गरज नाही. परीक्षकांना स्पष्टता हवी असते. तीन गोष्टींवर मेहनत घ्यावी. ‘व्ही’ उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, तर ‘डब्ल्यू’ला दात न लागता ओठ गोल होतात, ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आरशासमोर आलटून पालटून म्हणावेत. भूतकाळी रूपांचा शेवट ‘वर्केड’, ‘क्लीनेड’ असा न करता ‘वर्क्ट’, ‘क्लीन्ड’ असा करावा. शेवटी वेगळा ‘इड’ फक्त ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’ यांसारख्या टी किंवा डी ध्वनीने संपणाऱ्या क्रियापदांनाच लागतो. तिसरी गोष्ट आघाताची. मराठीत सर्व अक्षरे जवळपास सारख्या जोराने उच्चारली जातात, पण इंग्रजीत ‘इकॉनॉमी’तील दुसऱ्या अक्षरावर आणि ‘इकॉनॉमिक्स’मधील तिसऱ्या अक्षरावर जोर येतो, आणि तो चुकला तर परिचित शब्दही ऐकणाऱ्याला ओळखू येत नाही. आपल्या विषयातील नेहमीचे पन्नास शब्द काढून ऑनलाइन लर्नर्स डिक्शनरीत त्यांचा उच्चार ऐकावा आणि जोराच्या अक्षराखाली रेघ ओढावी.

श्रवणासाठी सोबत लिखित संहिता असलेला पाच-सहा मिनिटांचाच कार्यक्रम निवडावा. बीबीसीच्या इंग्रजी शिकवणाऱ्या संकेतस्थळावर असे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. पहिल्यांदा संहिता न पाहता ऐकून मुख्य मुद्दे लिहावेत, दुसऱ्यांदा त्यातील एका मिनिटाचे शब्दशः श्रुतलेखन करावे आणि मग संहितेशी ताडून पाहावे. शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या घरात किंवा शेजारी यंत्रमाग चालतात, त्यांनी हा सराव महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयात इअरफोन लावून करावा.

शब्दसंग्रहाच्या जाड पुस्तकांतील दुर्मीळ शब्दांमागे लागू नये. न्यूझीलंडमधील भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दसूचीत ५७० शब्दकुले (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कुल) आहेत, आणि ती सर्वच शाखांच्या लेखनात आढळणाऱ्या शब्दांची असल्याने आपल्यासाठी अगदी योग्य आहे. शब्द एकटा न लिहिता त्याच्या सोबत्यासह लिहावा : निर्णय ‘मेक’ केला जातो, संशोधन ‘कंडक्ट’ केले जाते, पाऊस ‘हेवी’ असतो.

निबंधाला चाळीस मिनिटे असतील तर पाच मिनिटे आराखड्याला आणि पाच मिनिटे तपासणीला राखून ठेवावीत. नाण्याला दोन बाजू असतात किंवा आजच्या धावत्या जगात वगैरे सुरुवात करू नये. परीक्षकांनी ती त्याच दिवशी अनेक पानांवर वाचलेली असते. पहिल्याच वाक्यात आपले म्हणणे सांगावे. तपासताना सगळे एकदम न शोधता आधी फक्त क्रियापदे, मग फक्त उपपदे, मग फक्त स्पेलिंग असे पाहावे. चुकांच्या वहीतील आपल्या नेहमीच्या चुका येथे आठवाव्यात.

सत्र परीक्षेशी टक्कर होऊ नये म्हणून तयारी निदान दोन महिने आधी सुरू करावी आणि रोजचा एक तास पुरेसा मानावा : वीस मिनिटे लेखन, वीस मिनिटे भाषण, उरलेल्या वेळेत एक दिवस श्रवण आणि एक दिवस वाचन. शेवटच्या पंधरवड्यात दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण सराव परीक्षा द्यावी. बार्शी, अक्कलकोट किंवा मोहोळहून येणाऱ्यांनी एसटीतील वेळ शब्दांच्या उजळणीला द्यावा.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ओळखपत्र, महाविद्यालयाचे पत्र आणि दोन पेन पिशवीत घालून फक्त चुकांची वही वाचावी. दुसऱ्या दिवशी श्रवणाची फेरी असेल तर लवकर पोहोचून ध्वनिक्षेपकाजवळची जागा घ्यावी, आणि आवाज नीट येत नसेल तर फेरी सुरू होण्याआधीच पर्यवेक्षकांना तसे सांगावे. भाषणाची चिठ्ठी हाती आल्यावर मिळालेल्या मिनिटात पूर्ण वाक्ये लिहू नयेत. फक्त दोन मुद्दे, एक उदाहरण आणि बोलण्याचे पहिले वाक्य एवढेच कागदावर टिपून मंचाकडे जावे.