दत्तक घेतलेला कारवान अंगावर धावून जात असेल तर

दत्तक घेतलेला कारवान किंवा मुधोळ हाउंड, म्हणजे सडपातळ, वेगवान शिकारी जातीचा कुत्रा, अनोळखी माणसांवर आणि इतर कुत्र्यांवर धावून जातो, तेव्हा त्यामागे बहुधा भीती असते. ओरडून किंवा पट्टा हिसकून गुरगुर दबते, भीती मात्र तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देताच चावू शकतो. वागणे अचानक बदलले असेल, तर दुखणे नाही ना, हे आधी पशुवैद्यांकडून तपासून घ्यावे.

या कुत्र्यांची मान जवळजवळ डोक्याइतकीच रुंद असल्यामुळे घाबरून मागे सरकताच साधा पट्टा डोक्यावरून निसटतो; म्हणून ओढल्यावर मर्यादेपर्यंतच आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा वापरावा. लांबत जाणारी दोरी टाळावी, कारण हे कुत्रे काही ढांगांतच पूर्ण वेग घेतात.

खरे काम अंतराचे आहे. दुसरा कुत्रा दिसतो, पण आपला ताठरत नाही आणि खाऊही घेतो, इतक्या लांब थांबावे; तो दिसताच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यावा, दिसेनासा होताच देणे थांबवावे आणि हे अंतर घाई न करता, आठवड्यांच्या हिशेबाने कमी करत जावे. त्याने खाऊ नाकारला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे. पाहुण्यांनी त्याच्या डोक्यावर हात नेऊ नये, नजर रोखू नये. मोकाट कुत्र्यांच्या गल्ल्या टाळाव्यात आणि धाप टाकता येईल अशा जाळीच्या मुसक्याची सवय खाऊ देत घरातच लावावी.